जांभळ्या गाडीचे ब्रेक

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी बसखाली होतो. आमच्या डेपोत ब्रेकच्या कामासाठी जमिनीत एक लांब खड्डा आहे. बस त्यावर उभी करतात आणि फिटर खाली उतरतो. मी मागच्या चाकाचे लायनर बदलून झाकण लावत होतो. फोरमन कडेला उकिडवा बसला आणि म्हणाला, वर ये. मी म्हटलं, दोन नट राहिलेत. मी दोन्ही नट आवळले, बाकीचेही पुन्हा तपासले, हात पुसले आणि शिडीने वर आलो. फोरमन तोवर तसाच बसून होता. पुढे बऱ्याच दिवसांनी तो म्हणाला की सांगायचा धीर होत नव्हता, ते दोन नट त्याला देवासारखे धावून आले.

बायको शाळेच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायची. सकाळी अकराच्या सुमाराला तिने टेबलावर डोकं टेकवलं. शेजारच्या बाईंना वाटलं, डुलकी लागली. त्यांनी उठून पंखा कमी केला. मेंदूतली शीर फुटली होती. डॉक्टर म्हणाले, आधी काही लक्षण दिसलं नसतं, कुणालाच दिसलं नसतं. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी विचारायचं थांबवलं.

एकतीस वर्षं माझं काम एवढंच आहे. वस्तू दगा देण्याआधी कुठे ओल धरते, कुठे वास सोडते, कुठे आवाज करते, ते शोधायचं. घरातही तीच सवय. गॅसची नळी मी दर रविवारी साबणाच्या पाण्याने तपासायचो. जिन्याचा कठडा हलवून बघितल्याशिवाय खाली उतरायचो नाही. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे कपाचा कानसुद्धा यांनी पास केल्याशिवाय वापरात येत नाही." तिच्याबरोबर मी एकतीस नाही, चौतीस वर्षं राहिलो, आणि मला काही दिसलं नाही.

त्यानंतर मला भीती वाटायला लागली. सुरुवातीला घराची. टाकीत पाणी पडायला लागलं की दचकायचो. मग एके दिवशी डेपोतून परतताना रस्ता ओलांडायला उभा होतो आणि माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही पाय फुटपाथच्या खाली आहेत. कधी उतरलो ते आठवेना. समोरून ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने सदरा फडफडला, आणि मी शांत होतो. घरी येऊन दार लावलं आणि कडी तीनदा तपासली. मी ते कुणाला सांगितलं नाही.

मुलीला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तिला आम्ही लहानपणापासून चिमटी म्हणतो. जन्मली तेव्हा चिमटीएवढी होती. आता तिशी ओलांडली. दोन स्टॉप पलीकडे एकटी राहते आणि दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. मेणात एक एक दात बसवणं, घासणं, सगळं हाताचं काम. आई गेल्यापासून ती मला दिवसातून तीनदा फोन करायची. मी हॅलो म्हटलं की जरा थांबायची. माझा आवाज ऐकून घ्यायची आणि मगच बोलायची.

गाडी मी पाहिली फोटो स्टुडिओच्या अंगणात. बायकोचा एकच बरा फोटो होता, वाचनालयाच्या पायरीवरचा, आणि त्याच्या कोपऱ्याला पाणी लागलं होतं. तो दुरुस्त करून मोठा करायला मी गेलो होतो. फोटोवाला आत मशीनवर होता. मी अंगणात वाट बघत उभा राहिलो, आणि तिथे ती होती.

अमेरिकन गाडी, साठ वर्षांपूर्वीची, दोन दारांची, लांबच लांब नाकाची. आधीच्या कुणा हौशी माणसाने तिचं मूळ रूप ठेवलंच नव्हतं. रंग गडद जांभळा, आणि बोनेटपासून दारांपर्यंत नारिंगी ज्वाळा रंगवलेल्या. दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, चकचकीत सायलेन्सर. पांढऱ्या चामड्याच्या सीट. स्टिअरिंग म्हणजे चक्क साखळीच्या कड्या वेल्डिंग करून केलेलं गोल, आणि तेही आपल्या गाड्यांच्या उलट्या बाजूला. बायको असती तर म्हणाली असती, ही गाडी आहे की सर्कशीची जाहिरात.

फोटोवाला बाहेर आला. म्हणाला, ही चालवत कुणी नाही, लोक आत बसून फोटो काढून घेतात. बसा ना भाऊ, बसायला काय जातंय. मी बसलो. त्याने किल्ली फिरवली. इंजिनाचा आवाज छातीत बसला. ती गेल्यापासून माझ्या डोक्यात जी शांतता होती ती त्या आवाजात ऐकू येईनाशी झाली. रस्त्यावरून चाललेली दोन माणसं फाटकाशी थांबली आणि गाडीकडे बघून हसली. तीन महिने लोक माझ्याकडे बघायचे ते मान तिरकी करून, बिचारा म्हणून. त्या दोघांनी मला पाहिलंच नाही. मी गाडीत होतो आणि दिसत नव्हतो. इतकं बरं मला कुठेच वाटलं नव्हतं.

मग सवयीने मी पेडल दाबलं. पाय जवळजवळ गाडीच्या तळाला टेकला. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडं धरलं, तिसऱ्यांदा ठीक. मी खाली उतरलो आणि मागच्या चाकाच्या आतून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ब्रेक ऑइल झिरपत होतं. या जुन्या गाड्यांत चारही चाकांना ऑइल एकाच ठिकाणाहून जातं. आताच्या गाड्यांत दोन भाग असतात, एक गेला तर दुसरा धरतो. इथे एका जागी फुटलं की चारही चाकं मोकळी.

मी बोट रुमालाला पुसलं. भीती वाटली ती त्या गळतीची नाही. ती गळती बघून मला बरं वाटलं, त्याची वाटली.

मी विचारलं, गाडी विकणार का? फोटोवाला प्रामाणिक माणूस. तो स्वतःहून म्हणाला, "भाऊ, ब्रेक तेवढे बघून घ्या हं." मी म्हटलं, "मी ब्रेकचंच काम करतो." तो हसला. म्हणाला, मग काय, गाडी योग्य हातात पडली. मी घासाघीस केली नाही. बायकोच्या फोटोसाठी आणलेल्या पिशवीत मी गाडीचे कागद घालून घरी आलो.

मला मरायचं होतं, असं मी तेव्हा म्हटलं नसतं. आता इथे लिहितो, तर खोटं कशाला लिहू? मला थांबणार नाही अशी एक वस्तू हवी होती. पुढचं मी विचारात घेत नव्हतो, पण पुढचं काय ते मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

इमारतीच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे गाडी ठेवली. तीन आठवडे रोज डेपोतून आल्यावर मी तिच्यात जाऊन बसायचो. गल्लीत माणसाच्या चालीने एक फेरी मारायचो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, लग्नाला उभे राहताय की निवडणुकीला? मीही हसलो. हत्यारांची पेटी सीटमागेच होती. पाना मी दोनदा हातात घेतला आणि दोनदा परत ठेवला. एक तासाचं काम होतं. मी आयुष्यात हजारो चाकं बांधली असतील, आणि स्वतःच्या गाडीचं एक चाक बांधत नव्हतो.

गावाबाहेर टेकडीवर तलाव आहे. वर जाणारा रस्ता वळणावळणाचा, उतार मोठा. एका रविवारी सकाळी तिकडे जायचं मी ठरवलं. का, ते स्वतःलाही नीट सांगितलं नाही. घर झाडून ठेवलं. गॅस बंद केला. किल्ल्या टेबलावर, समोरच दिसतील अशा ठेवल्या.

शेडचं दार उघडून मी गाडी बाहेर काढली आणि फाटकाशी चिमटी उभी होती. हातात चहाचा थर्मास, डोक्याला रुमाल बांधलेला. म्हणाली, शेजारच्या आजोबांनी फोन करून सांगितलं की तुझ्या बाबांनी आगीचा बंब घेतलाय. रागवायला आली असेल असं मला वाटलं. तिने गाडीला एक चक्कर मारली, ज्वाळांवरून हात फिरवला आणि दार उघडून सरळ आत बसली.

मी म्हटलं, आज नको. ती म्हणाली, का? मी म्हटलं, अजून हात बसलेला नाही. ती हसायला लागली. तिच्या लहानपणी रविवारी मी तिला डेपोत न्यायचो. आमच्याकडे नियम आहे: ज्याने ब्रेक बांधले, त्याने बसच्या पहिल्या फेरीत स्वतः बसायचं. ती माझ्या मांडीवर बसून अशा कितीतरी फेऱ्या फिरली होती. तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. बाबांनी गाडी हलवली म्हणजे ब्रेक झालेले असणार. दुसरं काही असू शकतं, हे तिला सुचणंच शक्य नव्हतं. तिने विचारलं असतं तर मी काय बोललो असतो कोण जाणे. तिने विचारलंच नाही.

मी ठरवलं, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. रस्ता सपाट होता, गर्दी नव्हती. मी सायकलच्या वेगाने चालवत होतो आणि प्रत्येक चौकाच्या आधी पेडल तीनदा दाबून धरत होतो. घामाने साखळीचं स्टिअरिंग निसटत होतं. चिमटी हात बाहेर काढून लोकांना टाटा करत होती. टाकीशी पोचल्यावर ती म्हणाली, तलावावर चला, आई असताना आपण जायचो तसं. मी म्हटलं, पेट्रोल कमी आहे. तिने वाकून काटा बघितला. काटा भरलेला होता.

चढ काही वाटला नाही. चढावर गाडी आपोआप थांबते. वर तलावाच्या काठाशी मी गाडी लावली, चाकाखाली दोन दगड सरकवले. आम्ही कठड्यावर बसून चहा प्यायलो. मी म्हटलं, गाडी इथेच ठेवू, बसने उतरू. ती म्हणाली, "ब्रेकवाल्याने गाडी सोडून बसने जायचं? डेपोत कळलं तर सत्कार करतील तुमचा." मी म्हटलं, मग तू बसने जा, मी मागून येतो. तेव्हा ती हसायची थांबली.

तिने कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला एक सांगते, रागवू नका. आई गेल्यापासून मला रोज सकाळी वाटायचं की फोन लागणार नाही. तुमचा आवाजच तसा होता. काल आजोबांनी गाडीचं सांगितलं आणि मी चार महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले. म्हटलं, ज्याला असली येडचाप गाडी घ्यावीशी वाटते त्याला जगायचं असतं."

तिथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, आणि तो चेहरा माझ्या एका वाक्याने पुन्हा मिटणार होता. मी हिशेब केला. गिअर दोनच आहेत, खालच्या गिअरमध्ये उतरू. तीनदा दाबलं की धरतंय. हँडब्रेक आहे. सहा वळणं आहेत. कुणी ड्रायव्हर माझ्यापुढे असं बोलला असता तर मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली असती. मी दगड बाजूला केले आणि गाडी सुरू केली.

पहिल्या वळणावर पेडलने धरलं. मी श्वास सोडला. दुसऱ्या वळणावर पाय खोल गेला, आणि जळका वास आला. मला तो वास ओळखीचा. चिमटी म्हणाली, काहीतरी करपतंय का? मी म्हटलं, नवीन रंग आहे, तापला की येतो. तिसऱ्या वळणाच्या आधी मी पेडल दाबलं आणि पाय तळाला टेकला. पुन्हा दाबलं, तळ. पुन्हा, तळ. हँडब्रेकची मूठ ओढली तर ती केबलसकट सैल बाहेर आली. सगळ्या गाडीत ती एकच गोष्ट मी तपासली नव्हती.

समोर पाण्याचा टँकर उतरत होता, हळूहळू, रस्ताभर. माझ्या जागेवरून त्याच्यापुढचं दिसत नव्हतं. स्टिअरिंग उलट्या बाजूला असल्यामुळे रस्त्याच्या मधल्या बाजूला चिमटी होती. ती मान बाहेर काढून म्हणाली, "बाबा, समोरून बस येतेय. पुढे काढू नका." तोवर तिला वाटत होतं की मी टँकरच्या पुढे जायला वेग वाढवतोय.

मी म्हटलं, "डोकं खाली घे. पाय वर."

तिने एका क्षणात ऐकलं. का म्हणून विचारलं नाही. लहानपणी ऐकायची तसं.

नव्या ड्रायव्हरांना आम्ही शिकवतो, ब्रेक गेले तर भिंत शोधा, आपटू नका, घासा. उतरताना डोंगर माझ्या बाजूला होता. मी गाडी डोंगराला लावली. आवाज असा झाला की कुणी पत्रा दातांनी फाडतंय. माझ्या बाजूचा सायलेन्सर उखडून मागे उडाला. दार आत आलं आणि मांडीला भिडलं. काच अंगावर पडली. टँकरचं मागचं लाल अक्षर मोठं मोठं होत होतं. त्या वेळी मला बायको आठवली नाही, कुणीच आठवलं नाही. माझ्या तोंडून फक्त एक शब्द येत होता, थांब, थांब, थांब. एकतीस वर्षं मी गाड्या थांबवायचं काम केलं, पण गाडीला हात जोडून विनवणी कधी केली नव्हती.

पुढे रस्तादुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडीचं नाक शिरलं आणि ती उभी राहिली. टँकर पुढे निघून गेला. बस वर निघून गेली. ड्रायव्हरने आमच्याकडे बघून हॉर्न वाजवला, बहुतेक चेष्टेने.

चिमटीने डोकं वर केलं. तोंडावर धूळ, कपाळावर थोडं रक्त. ती उजवा हात डाव्या हाताने धरून बसली होती आणि मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. मग तिने विचारलं, "ब्रेक केव्हा गेले?"

मी म्हटलं, "तिसऱ्या वळणावर."

ते खरं होतं.

दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो. माझ्या मांडीला टाके पडले होते आणि बरगडीला तडा गेला होता, त्याचं काही नव्हतं. आत तिच्या हाताचं हाड बसवत होते. मला वाटत होतं की आतून डॉक्टर बाहेर येईल आणि खांद्यावर हात ठेवेल. दार उघडलं की मी उठून उभा राहायचो. नर्स म्हणाली, काका, मनगटच आहे, बसा. मी बसायचो आणि पुन्हा उठायचो.

ती बाहेर आली ती कोपरापर्यंत प्लास्टर घेऊन. सहा आठवडे काम बंद, आणि त्यानंतरही बोटं पूर्वीसारखी बारीक काम करतील की नाही, ते नंतर कळेल असं डॉक्टर म्हणाले. लॅबमध्ये डाव्या हाताने कवळी होत नाही. मी खाली मान घालून उभा होतो. तिने चांगल्या हाताने माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हालासुद्धा कळलं नाही, म्हणजे ते कुणालाच कळलं नसतं. मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टरांनी तिच्या आईबद्दल मला जे सांगितलं होतं, जवळजवळ तेच शब्द. मी मान हलवली.

गाडी क्रेनने शेडमध्ये आणली. चार दिवसांनी फोरमन बघायला आला. त्याने आधी ज्वाळा बघितल्या, फाटलेला पत्रा बघितला, तोंडाने चकचक केलं. मग खाली वाकून मागच्या चाकाच्या आत टॉर्च मारला. बराच वेळ मारून ठेवला. ऑइलवर धूळ बसून त्याचा काळा थर झाला होता. असा थर एका दिवसात होत नाही, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तो उठला, गुडघे झाडले.

म्हणाला, "ओघळ जुना आहे."

मी म्हटलं, "हो."

"पोरीला माहितीये?"

"नाही."

तो पेटीवर बसला. बिडी काढली, पेटवली नाही. म्हणाला, मी तुला रोज सकाळी घ्यायला येणार, आणि संध्याकाळी सोडणार. मी म्हटलं, त्याची गरज नाही. तो म्हणाला, विचारत नाहीये, सांगतोय. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला तो खाली येऊन बेल वाजवतो आणि मी खिडकीत दिसेपर्यंत वाजवत राहतो. एकदा मी त्याला फुटपाथखाली उतरल्याचं आणि त्या ट्रकचं सांगितलं. त्याने मला डेपोच्या डॉक्टरकडे नेलं, आणि मी जे इथे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांना सांगितलं. दर गुरुवारी जातो.

तिसऱ्या वळणानंतर तसं पुन्हा मनात आलेलं नाही. भीती मात्र आहे, पूर्वीपेक्षा जास्त आहे. आता ती तिच्यासाठी आहे. संध्याकाळी मी तिच्या घरी जातो. भांडी घासतो, भाजी चिरतो, तिचे केस विंचरून देतो. मला वेणी येत नाही, ती हसते. ती डाव्या हाताने चमच्याने जेवते आणि लॅबमधल्या गमती सांगते. फोनवर ती आता माझा आवाज ऐकायला थांबत नाही, लगेच बोलायला लागते. रोज मी सांगायचं ठरवून जातो आणि रोज तिचं प्लास्टर बघून परत येतो. तिला सांगितलं तर तिला दोन गोष्टी कळतील: मी काय करायला निघालो होतो, आणि तिला शेजारी बसवून मी गप्प राहिलो. पहिली ती माफ करेल. दुसरी तिने का करावी, हे मला सांगता येत नाही.

गाडी मी विकलेली नाही. तशी ती मी कुणाला विकू शकत नाही. चार विटांवर उभी केली आहे. पुढची दोन चाकं बांधून झाली, चारही चाकांना ऑइल देणारा मास्टर सिलिंडर नवीन टाकला. मागची दोन चाकं अजून उघडी आहेत, हँडब्रेकची केबल मिळालेली नाही, आणि चिमटीला मी अजून काही सांगितलेलं नाही.